आठ कोंबड्यांचा संसार

कवितेचा माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, असं काही जणांना वाटेल. वाटू द्या. मी गेली तीसेक वर्षं कविता लिहितो आणि त्याहून जास्त वर्षं कोंबड्यांच्या मागे धावतो. दोन्हींतली मिळकत सारखीच, म्हणजे बेताची. पण कोंबड्यांनी निदान अंडी तरी दिली.

आज बोलायचं आहे ते मोठ्या पोल्ट्रीबद्दल नाही. दहा हजार पक्ष्यांची शेड, टेंपोनं येणारं खाद्य, बँकेचा हप्ता, तो धंदा वेगळा आणि त्याचं गणितही वेगळं. मी बोलणार आहे तो घरामागचा संसार. सात-आठ कोंबड्या, एक कोंबडा, एखादी पिल्लावळ आणि जुन्या फळ्यांचं खुराडं. हा संसार दिसायला एवढासा, पण देशभराची बेरीज केली तर डोळे विस्फारतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यांतली जवळजवळ ३२ कोटी परसातली होती. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेच्या मानानं परसातला हा आकडा ४५ टक्क्यांहून जास्त वाढला. अंगणं आक्रसत चालली आहेत आणि अंगणातली कोंबडी मात्र वाढते आहे!

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, शेती बेभरवशाची. अशा मुलखात कोंबडी ही घरातल्या बाईची तिजोरी. दुधाचे पैसे डेअरीच्या खात्यावर जातात, ज्वारीचे पैसे घरधनी मोजतो, पण अंड्यांचे पैसे बाईच्या बटव्यात. आमच्या दादीच्या कनवटीला जी नाणी असायची ती अंड्यांची. ती किती आहेत हे आजोबांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. पाहुणा आला तर घरात काहीतरी आहे, पोराला वही हवी तर कुणापुढे हात पसरायला नको, एवढी ऐपत आठ कोंबड्या देतात. गावठी अंड्याला आजही पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो.

‘कोंबडीला काही घालावं लागत नाही’ असं लोक म्हणतात. ते निम्मं खरं आहे. ती उकिरडा उकरते, किडे-मुंग्या टिपते, गवताचं बी खाते, उष्टं-खरकटं साफ करते. संध्याकाळी खुराड्यापाशी मूठ-दोन मुठी ज्वारीची कणी टाकली की झालं. ही मूठ पोट भरण्यापुरती नसते, ती घरी परत बोलावण्याची असते. मात्र दिवसभर ती जे खाते ते फक्त आपल्या जागेतलं नसतं. कोंबडीला कुंपण कळत नाही. शेजारच्या काकूंचा मेथीचा वाफा, पलीकडच्या गोठ्यातली सांडलेली पेंड, समोरच्यांच्या वाळवणावरचे गहू, सगळं तिच्या लेखी एकच रान. आणि या रानात सांडलेलं, उगवलेलं, वळवळणारं जे काही असतं त्याला मर्यादा आहे. आळीतल्या प्रत्येक घरानं आठाच्या पंचवीस कोंबड्या केल्या, तर पंचवीस कोंबड्यांची अंडी मिळत नाहीत. सगळ्यांच्याच कोंबड्या अर्धपोटी राहतात आणि सगळ्यांचीच अंडी घटतात. म्हणून मी म्हणतो, कोंबडी एकाची असते, पण कोंबडीपालन साऱ्या आळीचं असतं. भांडणंही त्यातूनच आणि निस्तरणंही त्यातूनच.

अंड्याचं थोडं सांगतो. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून किंचित जास्त वेळ लागतो आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला जातात. म्हणून आज सकाळी सातला अंडं दिलेली कोंबडी उद्या आठला देते, परवा त्याहून उशिरा, असं सरकत सरकत मग एक दिवस सुट्टी. पोरं विचारतात, ‘आज का नाही दिलं?’ तर कारण हे. कवचासाठी चुना लागतो. शिंपल्यांचा चुरा मिळाला तर उत्तम, नाहीतर अंड्यांचीच टरफलं धुऊन, भाजून, बारीक कुस्करून द्यावीत. अख्खी टरफलं टाकू नयेत, अंडं फोडून खायची चटक लागते. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, पिसं झडण्याच्या दिवसांत जवळजवळ बंदच होतात. तेव्हा कोंबडीला दोष देण्यात अर्थ नाही, तिला नवं लुगडं विणायचं असतं. आणि अंडं दिल्यानंतरचा तो गवगवा! अंडं एक आणि बातमी आळीभर. कवींमध्येही ही सवय आढळते.

खरी मौज असते कोंबडी खुडूक होते तेव्हा. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि मग एक दिवस जागची उठत नाही. अंग तापलेलं, पिसं फुलवलेली, जवळ गेलं की घशातल्या घशात कुडकुड आणि हात घातला तर टोच. अंडी हवी असणाऱ्याला हा वैताग वाटतो, कारण ती आता आठवडेच्या आठवडे अंडं देणार नाही. पूर्वी बाया अशा कोंबडीला पाण्यात बुचकळून काढायच्या. मला ते क्रूर वाटतं. खाली जाळी असलेल्या हवेशीर डालग्यात तीन-चार दिवस ठेवलं तरी तिचा हट्ट उतरतो. पण जमत असेल तर तिला बसू द्यावं. आठवड्याच्या आतली दहा-बारा ताजी अंडी, टोपलीत भुसा, त्याखाली थोडी चुलीतली राख, आणि ये-जा नसलेला अंधारा कोपरा. बस्स. सातव्या-आठव्या रात्री एकेक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरून बघावं. आत जीव धरला असेल तर लाल कोळ्यासारखं शिरांचं जाळं दिसतं. नितळ दिसलं तर ते अंडं वांझ, काढून घ्यावं.

एकवीस दिवस ती बसते. अंडी स्वतःच फिरवते, मधली कडेला, कडेची मध्ये. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, दाणा-पाणी, राखेत एक लोळण, की परत. शेवटच्या दोन दिवसांत आतून पिल्लांची चिवचिव ऐकू येते आणि ती बाहेरून हलक्या आवाजात उत्तर देते. कवच फुटायच्या आधीच मायलेकरांचं बोलणं सुरू झालेलं असतं. पिल्लू बाहेर येताना उरलेला बलक पोटात घेऊनच येतं, म्हणून पहिला दिवस-दीड दिवस त्याला दाण्याची गरज नसते. ही सोय मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. आधी निघालेली पिल्लं उपाशी राहत नाहीत आणि मागे राहिलेल्या अंड्यांसाठी आईला बसून राहता येतं.

इथेही आळी मध्ये येतेच. आपली कोंबडी खुडूक असते तेव्हा आपल्याकडे अंडी नसतात, आणि अंडी असतात तेव्हा कोंबडी खुडूक नसते. मग काकूंची अंडी आमच्या कोंबडीखाली, पिल्लं निम्मी-निम्मी. शेळ्या जशा अर्धलीनं देतात, तशी कोंबडीही अर्धलीनं दिली जाते. ज्या बाईकडे पहिली कोंबडी घ्यायला पैसे नसतात तिचा संसार असाच उभा राहतो. याचा कागद होत नाही आणि मी तरी यात कुणी कुणाला बुडवलेलं पाहिलेलं नाही.

पिल्लं बाहेर पडली की धास्ती सुरू. वरून घार, खालून मुंगूस, रात्री मांजर. कोंबडीची हाक नीट ऐका. आकाशातल्या धोक्याची हाक वेगळी असते आणि जमिनीवरच्या धोक्याची वेगळी. घारीची हाक झाली की पिल्लं जिथे असतील तिथे दडून गप्प बसतात. कुत्र्या-मांजराची असली की सगळे मान उंच करून कोलाहल करतात. मुंगूस मात्र सगळ्यांत वाईट. ते एक नेऊन थांबत नाही, खुराड्यात शिरलं तर एका रात्रीत सगळी मारून टाकतं. खुराडं जमिनीपासून हातभर उंच आणि जाळी बारीक, याला पर्याय नाही.

कोंबड्यांच्या राज्यात कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. शास्त्रात ते नोंदवलं शेल्डेरूप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं, १९२१ मध्ये. तो लहानपणापासून घरच्या कोंबड्या न्याहाळत बसायचा. आरवण्याचंही तसंच. आपल्याकडे म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. तांबडं झाकलं म्हणून कोंबडं आरवायचं राहत नाही! दिवसभर मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या सुमाराला आरवत राहिले, कारण घड्याळ त्यांच्या आतच असतं. पुढे २०१५ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की पहिली बांग मानाच्या कोंबड्याची, बाकीच्यांनी आपापल्या पायरीनं नंतर आरवायचं. आमच्या आळीत तीन कोंबडे आहेत आणि पहिला मान कुणाचा हे कुंपणांपलीकडूनच ठरतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण कित्येक कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, तो पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो आला आहे राखी रानकोंबड्याकडून, असं २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी सिद्ध केलं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला आणि दक्षिण भारतातला. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्याकडच्या रानाचा एक धागा आहे.

आता थोडं अवघड बोलतो. दहा पिल्लं निघाली तर त्यांतले साधारण पाच नर. आठ कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, उरलेले मोठे झाले की एकमेकांची डोकी फोडतात. मग सुरी आलीच. आमच्या घराण्यात मुलाणकी होती. गावात कुणाकडेही कोंबडं-बकरं कापायचं असलं की बोलावणं आजोबांना यायचं. मरिआईच्या जत्रेला यायचं, पाटलांच्या वाड्यावरून यायचं, मोहल्ल्यातूनही यायचं. पण दादीचा घरात एक दंडक होता. आपण दाणे टाकून वाढवलेलं कोंबडं आपल्या ताटात पडता कामा नये. आमचा कोंबडा काकूंच्या सासूबाईंकडे जायचा, त्यांचा आमच्याकडे. दोन्ही घरांत रस्सा व्हायचा आणि दोन्ही घरांतली पोरं बिनघोर जेवायची. यावर कुणी हसेल. पण जीव लावणं आणि पोट भरणं या दोन गोष्टी एकाच परसात करायच्या तर याहून बरी वाट मला सापडलेली नाही.

सुधारित जातींबद्दल लोक नेहमी विचारतात. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज या परसासाठीच तयार केलेल्या जाती आहेत. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, या त्याच्या दुप्पट किंवा जास्तही देतात, अंगानंही भरतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पिल्लं पुन्हा विकतच आणायची. आणि जड अंगामुळे कुत्रं मागे लागलं तर भिंतीवर उडी मारता येत नाही. माझं मत विचाराल तर सहा गावठी आणि दोन सुधारित, गावठीच्या पोटाखाली सुधारितची अंडी. कडकनाथ ही झाबुआकडची काळ्या मांसाची जात, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जात चांगलीच आहे. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात तिच्या नावावर किती शेतकरी पोळले ते सर्वांना माहीत आहे. ‘पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं विकत घेऊ’ असं जो म्हणतो त्याच्याकडून कोंबडीचं पीसही घेऊ नये.

आजाराचं नाव काढलं की सगळ्यांना बर्ड फ्लू आठवतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा आढळला. साथ दिसली ती मोठ्या पोल्ट्रींमध्ये, पण रोग आटोक्यात आणताना भोवतालच्या गावांतल्या घरोघरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत घरगुती कोंबड्यांतही तो सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात पुन्हा आला. हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून तिथे हयगय चालत नाही, हे मान्यच. पण शेडवाल्याची शेड पुढच्या वर्षी पुन्हा भरते. जिच्या अंगणातून पाच कोंबड्या गोणीत घालून नेल्या, तिचा बटवा पुन्हा कधी भरला याची नोंद कुणी ठेवत नाही.

तरीही परसाचा रोजचा वैरी बर्ड फ्लू नाही. तो आहे मानमोडी. इंग्रजी अमदानीत १९२० च्या दशकाच्या अखेरीला कुमाऊँमधल्या राणीखेतला तो ओळखला गेला, म्हणून आपल्या देशात त्याला राणीखेत म्हणतात. गंमत म्हणजे १९१८ च्या माणसांतल्या महासाथीलाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटलं होतं. कोंबडी हिरवट हगते, चोच उघडी टाकून श्वास घेते, मान पिळवटते आणि दोन-तीन दिवसांत संपते. लागल्यावर औषध नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात आमच्या आळीत ती आली. एका घरानं आठवडी बाजारातून दोन कोंबड्या आणल्या होत्या. दिसायला धडधाकट. बाहेरून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, असं पुस्तकात असतं. पण ज्या घरात माणसांनाच वेगळी खोली नाही तिथे कोंबडीला कुठली? आठवड्यात अकरा घरांतल्या ७० वर कोंबड्यांपैकी नऊ उरल्या. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने तपासायला गेले, मानमोडीच निघाली. पलीकडच्या अक्कांकडे बावीस होत्या. मुलीच्या कॉलेजचा एसटीचा पास त्या अंड्यांच्या पैशातून निघायचा. त्यांच्या दोन राहिल्या. त्यांनी त्रागा केला नाही, खुराडं धुऊन उन्हात पालथं घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याच्या खुरपणीला गेल्या. याच दिवसांत एक व्यापारी आळीत फिरत होता, उरलेल्या कोंबड्या निम्म्या भावानं घ्यायला. काहींनी दिल्या. त्या कोंबड्या पुढच्या बाजारात गेल्या असणार, आणि तिथून पुढच्या कुणाच्या तरी आळीत. मानमोडी पायी चालत नाही, ती अशी टोपलीत बसून, तिकीट काढून जाते.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, साधारण महिन्याचं असताना पुन्हा एक, आणि दोन महिन्यांच्या सुमाराला टोचण्याची लस. मग हे होत का नाही? अडाणीपणामुळे, असं भाषणांत सांगतात. मला ते पटत नाही. लसीची लहानात लहान बाटली बहुधा शंभर पक्ष्यांची असते. पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई शंभर थेंबांची बाटली घेऊन काय करणार? बाटली शेडच्या मापानं बनवलेली आहे, परसाच्या नाही. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी खेड्यातल्या कोंबड्यांसाठी उन्हाला टिकणारी लस काढली, ती काही देशांत गावोगावी पोचलीही. आपल्याकडे सध्या तरी बर्फ आणि शेजारी, हेच दोन मार्ग.

अक्कांनीच पुढाकार घेतला. पुन्हा पिल्लावळी झाल्या तेव्हा त्या अकरा घरं फिरल्या, प्रत्येकीकडून कोंबडीमागे ठरावीक पैसे गोळा केले आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून बाटली आणायचं ठरवलं. वेळ संध्याकाळची ठेवली, कारण कोंबड्या खुराड्यात शिरल्या की पकडायला सोप्या जातात. दिवसा धरायला गेलात तर बाटलीतली लस संपायच्या आधी आपला दम संपतो. एकीनं पक्षी धरायचा, दुसरीनं एक थेंब डोळ्यात टाकायचा, डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायचं नाही. आजारी दिसणाऱ्याला लस द्यायची नाही. एकाही घराला वगळायचं नाही, ज्यांच्याशी मेथीच्या वाफ्यावरून बोलणं बंद आहे त्यांनाही नाही. पहिल्या वेळी ६४ पक्षी झाले. उरलेले थेंब उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नसतो, ते बाटलीसकट उकळून खड्ड्यात पुरले.

तेव्हापासून हा क्रम चालू आहे. माझ्याकडे यादी लिहायचं काम आहे, कारण आळीत अक्षर त्यातल्या त्यात माझंच बरं. कोणत्या घरी किती पक्षी, किती तलंगा, पुढचा थेंब कधी, असं वहीत मांडून ठेवतो. कवितेच्या वहीच्याच मागच्या पानांवर. अक्कांकडे आता सतरा कोंबड्या आहेत, मुलीचं कॉलेज केव्हाच संपलं. दवाखान्यातून बाटली आणायला कुणी जायचं हेही पाळीपाळीनं ठरलेलं आहे. बर्फाचा थर्मास कुणाच्या घरचा न्यायचा, यावरून मात्र दर खेपेला वाद होतो, कारण त्याला नंतर आठ दिवस औषधाचा वास येतो आणि चहा कुणी पीत नाही.